आरोग्य-प्रश्नोत्तरे : कॉलेजातील तापाची वही

दिवाळीच्या सुट्या संपून कॉलेजे पुन्हा भरली, तरी पावसाळ्यानंतर सुरू झालेल्या तापांची पत्रे अजून थांबलेली नाहीत. उन्हाळ्यात उष्माघात, मृगाच्या सुमारास अतिसार आणि सर्पदंश, सोयाबीन सोंगणीला आले की ताप, असा विदर्भातील पत्रांचा वर्षाचा क्रम ठरलेला आहे; या वेळी मात्र निम्म्याहून अधिक पत्रे तालुक्याच्या गावांतील महाविद्यालये आणि वसतिगृहांतून आली, म्हणून हे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे थोडक्यात दिली असून लेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचे कला व वाणिज्य महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. विद्यार्थी सुमारे नऊशे असून निम्मे एस.टी.ने रोज ये-जा करतात. मूल्यांकन समितीला ‘नव्याने उद्भवणाऱ्या संसर्गजन्य रोगांसाठीची सज्जता’ या विषयाचा आराखडा दाखवावयाचा आहे. कोरोनाच्या काळात घेतलेली ताप मोजण्याची दोन यंत्रे आणि पायाने दाबायचे सॅनिटायझरचे चार स्टँड आमच्याकडे आहेत. आणखी काय खरेदी करावे, याची यादी द्यावी. (एक प्राचार्य)

उत्तर : यादी मी मुद्दाम शेवटी देणार आहे, कारण ती फार लहान आहे. त्याआधी आपण ती दोन यंत्रे कपाटातून काढून मुठीतील सेलचे झाकण उघडून पाहावे. व्याख्यानांच्या निमित्ताने ज्या कॉलेजांत माझे जाणे होते, तेथे मी ही खोड हल्ली मुद्दाम काढतो. बहुतेक ठिकाणी पाझरलेल्या सेलची पांढरी-हिरवट पूड हाताला लागते आणि यंत्राच्या पाठीवर डेड स्टॉक रजिस्टरचा क्रमांक मात्र सुबक अक्षरात रंगवलेला असतो.

रोग नवा असतो म्हणूनच त्याच्यासाठी आधी काही विकत घेऊन ठेवता येत नाही. त्याचे नाव, त्याची तपासणी, त्याचे औषध हे सगळे मागाहून येते; सर्वांत आधी येतो तो नेहमीसारखाच दिसणारा ताप. उदाहरणासाठी लांब जायला नको. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील चांदीपुरा येथे तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक अनोळखी विषाणू वेगळा केला आणि त्याला त्या ठिकाणाचेच नाव पडले. पुढे जवळजवळ चार दशके तो फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली, आणि तपासणीत निघाला तो आपला चांदीपुरा. २००७ मध्ये तो नागपूर विभागातील मुलांमध्ये दिसला आणि २०२४ मध्ये गुजरातेत. हा आजार प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुलांचा आहे, वाळूमाशी तो पसरवते, आणि आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या घरच्या धाकट्या भावंडांना त्याचा धोका अधिक आहे. तरीही आपल्या मातीतच नाव मिळालेला हा विषाणू कॉलेजातील मुलांना माहीत नसावा, याचे मला नेहमी वाईट वाटते.

दुसरे उदाहरण सर्वांच्या आठवणीतले आहे. भारतातील कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील थ्रिसूर येथे नोंदला गेला. ती वुहानहून परतलेली वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती. घसा धरल्याबरोबर कोणाला कळवायचे हे तिला ठाऊक होते, म्हणून ती वेळेवर सापडली. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची धग राज्यात सर्वांआधी अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्याला लागली, तेव्हा आपण सगळेच ‘संपले एकदाचे’ म्हणून लग्नाच्या पंगतीला बसलो होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की रोग ओळखणे हे कॉलेजचे काम नव्हे. नेहमीपेक्षा काही वेगळे घडते आहे हे दोन-तीन दिवसांत लक्षात येणे आणि ते योग्य माणसाच्या कानावर घालणे, एवढेच कॉलेजचे काम आहे. त्यासाठी लागते ती एक दोनशे पानी आखीव वही. तारीख, विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ग, राहण्याचे गाव किंवा वसतिगृहाची खोली, ताप कधी सुरू झाला, तापासोबत काय (पुरळ, कावीळ, उलट्या, दम, झटके), कोठे दाखवले, आणि वर्गात परत कधी आला, एवढे रकाने पुरतात. विद्यार्थी सलग दोन दिवस दिसला नाही, की वर्गप्रतिनिधीने फोन करावा आणि नोंद वहीत घालावी.

या सगळ्यांत ‘गाव’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे, हे मला एका कॉलेजात प्रत्यक्ष दिसले. वहीच्या एका पानावर नऊ दिवसांतील सात नावे होती. वर्ग सगळे वेगवेगळे, त्यामुळे कोणत्याच प्राध्यापकाला आपल्या वर्गात काही विशेष घडते आहे असे वाटले नव्हते. परंतु गावाच्या रकान्यात एकाच गावाचे नाव चारदा होते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे आरोग्यसेवक तेथे गेले, तर एस.टी. थांब्याला लागून पंक्चरचे दुकान, दुकानाबाहेर जुन्या टायरांची उतरंड आणि प्रत्येक टायरात पावसाच्या पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. ही मुले रोज सकाळी सात वाजता तेथेच अर्धा-अर्धा तास बसची वाट पाहत उभी राहत होती. तपासणीत डेंगू निघाला. हे पान कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर ग्रंथालय परिचराने लिहिलेले होते, आणि माझ्या मते तोच योग्य माणूस आहे, कारण त्याच्या टेबलासमोरून दिवसभरात सर्वांत जास्त मुले जातात. प्रत्येक नवे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या गळ्यात घालण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती या बाबतीत तरी टाळावी.

कळवायचे केव्हा, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. एकाच वर्गात, एकाच खोलीत, एकाच गावात किंवा एकाच मेसवर जेवणाऱ्यांत तीन दिवसांत तिघांना सारखीच लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी फोन करावा. हा आकडा कोणत्याही शासन निर्णयातील नाही, तो माझा स्वतःचा अंदाज आहे, आणि चुकलाच तर सावधपणाच्या बाजूने चुकावा असा ठेवला आहे. तापात शुद्ध हरपणे, झटके येणे, रक्तस्राव किंवा दम लागणे यांपैकी काही दिसले, तर एकच रुग्ण पुरे. तेथे आधी १०८ला फोन आणि नंतर वही. एरवी फोन करायचा तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. २००४ पासून चालू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात अशा माहितीसाठी वाट आधीच आखलेली आहे. कॉलेजाने त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहायचे आहे. हे दोन्ही क्रमांक आजच लावून पाहावेत, कारण भिंतीवर रंगवलेले क्रमांक बहुधा दोन अधिकाऱ्यांपूर्वीचे असतात.

‘बातमी फुटली तर कॉलेजची बदनामी होईल’ ही भीती काही प्राचार्यांनी मला खाजगीत बोलून दाखवलेली आहे. वहीतील नावे कार्यालयाबाहेर जाऊ नयेत, ती सूचना-फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर कदापि टाकू नयेत, ही काळजी घेणे आपले कर्तव्यच आहे. मात्र आरोग्य खात्यापासून आकडा लपवल्याने बदनामी टळत नाही, ती फक्त पंधरा दिवस पुढे जाते आणि दामदुपटीने परत येते.

आता यादी : चार साधे डिजिटल थर्मामीटर, दोन पल्स ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, ओ.आर.एस.ची पाकिटे, मास्क, हातमोजे, एक चांगली टॉर्च आणि साबण, तोही नळाजवळ, कपाटात नव्हे. यांखेरीज खिडकी असलेली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह जवळ असलेली एक खोली, जी एरवी जुनी बाके ठेवायला वापरलेली नसेल.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील एका मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. २ ऑक्टोबरच्या स्वच्छता मोहिमेत मुलींनी वसतिगृहामागचे कमरेएवढे गवत काढले. दहा-बारा दिवसांनी त्यांतील तिघींना सणसणून ताप आला. डेंगूची तपासणी निगेटिव्ह आली, तरी प्लेटलेट कमी होत्या. एकीला नागपूरला हलवावे लागले, तेथे ‘स्क्रब टायफस’ असे निदान झाले. तिघीही आता बऱ्या आहेत. परंतु इतर पालक आपापल्या मुलींना घेऊन जात आहेत. हा आजार एकीकडून दुसरीला होतो का? आणि मोहीम घेण्यात माझी चूक झाली का?

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. स्क्रब टायफस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने किंवा रुग्णाचे कपडे धुतल्यानेही होत नाही. मुलींना घरी नेण्याचे कारण नाही, हे आपण पालकांना लेखी कळवावे आणि शक्य असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या तोंडून सांगावे, कारण अशा वेळी गृहपालांच्या शब्दापेक्षा गळ्यातल्या स्टेथोस्कोपला अधिक वजन असते.

ऑरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. उंच गवत, झुडपे, शेताचा धुरा, ओढ्याकाठची दमट जागा येथे राहणाऱ्या माइट नावाच्या किड्याच्या अतिसूक्ष्म अळ्या हा जिवाणू बाळगून असतात. उंदीर-घुशींच्या अंगावर या अळ्या पोसल्या जातात, आणि गवतात वावरणाऱ्या माणसाच्या अंगावर चढून मऊ जागी चावतात. अळी साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, चावा जाणवत नाही, आणि ताप साधारण सहा ते एकवीस दिवसांनी येतो, त्यामुळे गवत आणि ताप यांचा संबंध कोणाच्याच मनात जुळत नाही. आपल्या पत्रात तो जुळलेला आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तोंडी-तोंडी याला ‘गोचिडाचा ताप’ म्हणतात, पण जनावरांच्या अंगावरची गोचीड ती वेगळी आणि ही अळी वेगळी. हा आजार आपल्याकडे नवखा राहिलेला नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने निघाले, तेव्हापासून पावसाळ्यानंतरच्या तापात त्याचा विचार करण्याची सवय आमच्या व्यवसायाला लागली, अर्थात सर्वांना सारखी नव्हे.

काही वर्षांपूर्वी पाहिलेली एक मुलगी मला अजून आठवते. पाच दिवसांचा ताप, डोके फुटेल असे दुखणे, आणि तीन दवाखान्यांतील तीन प्रकारच्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या तिच्या वडिलांच्या खिशात घडी करून ठेवलेल्या. तपासण्यांत काही निघत नव्हते. आमच्या परिचारिकेने पडदा ओढून तिला नीट तपासले, तेव्हा सलवारीची नाडी जेथे बसते त्याच ओळीत, कमरेच्या डाव्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढी काळी खपली दिसली, जणू कोणी सिगारेटचा चटका दिला आहे, आणि तिच्याभोवती लालसर कडे. मुलीला तिचा पत्ताच नव्हता, कारण ही खपली दुखत नाही आणि खाजतही नाही. काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, स्तनांखालची घडी, कंबर अशा झाकलेल्या जागी ती असते, त्यामुळे बाह्या वर करून नाडी पाहणाऱ्या डॉक्टरला ती कधीच दिसणार नाही. वसतिगृहात तापाच्या मुलीला अंघोळीच्या वेळी स्वतःचे अंग आरशात पाहायला सांगावे, मैत्रिणीची मदत घ्यायला सांगावे. खपली सर्वच रुग्णांत सापडते असे नाही. ती नाही म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नये.

या आजारावरचे औषध जुने, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात मिळणारे आहे. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ गर्भवतींसाठी, ॲझिथ्रोमायसिन आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधांचा या जिवाणूवर परिणाम होत नाही, आणि तापात सर्रास टोचली जाणारी इंजेक्शने नेमकी बऱ्याचदा त्याच गटातील असतात. दिवस वाया जातात ते येथे. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू यांवर आघात होऊ शकतो. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, वसतिगृहाने गोळ्या वाटायच्या नाहीत. पण ‘ही मुलगी बारा दिवसांपूर्वी गवत कापायला गेली होती’ हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवणे आपल्या हाती आहे, आणि ते वाक्य कधीकधी रक्ताच्या तपासणीपेक्षा लवकर निदान करते.

मोहिमेबद्दल स्वतःला दोष देऊ नका. गवत काढायलाच हवे होते. ते कमरेएवढे होईपर्यंत थांबायला नको होते. पुढच्या वर्षी ते घोट्याएवढे असतानाच, आणि शक्यतो यंत्राने, कापून घ्यावे. गवतात शिरणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा, उघड्या त्वचेला डास पळवणारे मलम लावावे, विश्रांतीसाठी गवतावर बसू नये, परतल्यावर लगेच साबणाने अंग घासून अंघोळ करावी आणि ते कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुतलेले कपडे गवतावर किंवा झुडपावर वाळत घालण्याची सवयही मोडावी लागेल. आणि मेसच्या मागे खरकटे टाकण्याची जी जागा असते, ती बंद केल्याखेरीज उंदीर हटणार नाहीत. उंदीर राहिले तर अळ्याही राहतील.

प्रश्न : आमच्या मुलांच्या वसतिगृहात नगर परिषदेने दोनदा धूरफवारणी केली, तरी डेंगूचे रुग्ण निघतच आहेत. आवारात कोठेही डबके नाही. मग डास येतात कोठून? (बी.एस्सी. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, अकोला जिल्हा)

उत्तर : आपल्या खोलीच्या खिडकीला लोखंडी जाळीवर बसवलेला कूलर आहे का? आपण तो जूनमध्ये बंद केला असणार आणि त्याच्या टाकीत उन्हाळ्याचे उरलेले पाणी, वर पावसाचे पडलेले पाणी अजून असणार. झाकण बाजूला करून टॉर्चचा प्रकाश पाण्यावर टाका. प्रकाश पडताच स्वल्पविरामाच्या आकाराचे काळपट जीव वळवळत तळाकडे पळाले, की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. डेंगूचा एडिस डास डबक्यात नव्हे, तर स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. तो फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच इमारतीत जन्मलेला असतो, ही गोष्ट ऐकायला बरी वाटत नाही, पण कामाची आहे.

टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पुढच्या उन्हाळ्यात कूलरला पाणी घातले, की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून टाकीची आतली बाजू घासणीने आणि साबणाच्या पाण्याने खरवडून घासावी, वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्या काढून उन्हात टाकाव्यात, आणि कूलर उपडा करून ठेवावा. वापर चालू असेल तेव्हा आठवड्यातून एक दिवस हेच करावे. ‘कोरडा दिवस’ पाळा असे आशाताई सांगतात तो हाच. छतावरील बिनझाकणाच्या टाक्या, फ्रिजमागचा ट्रे, व्यायामशाळेमागचे टायर आणि कुंड्यांखालच्या बशा याच दिवशी पाहून घ्याव्यात.

धूरफवारणीने हवेतील उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही, आणि फवारणीच्या आवाजाने प्रशासन काहीतरी करते आहे असे समाधान मात्र सर्वांना होते. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी वर्गात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. ताप आल्यास पॅरासिटामॉलखेरीज मेडिकलमधून कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एन.एस.१ ही तपासणी उपयोगी, त्यानंतर आय.जी.एम.; नऊ दिवसांनी एन.एस.१ निगेटिव्ह आली म्हणून डेंगू नव्हता असे होत नाही. आणखी एक : ताप उतरला की मुले क्रिकेट खेळायला जातात, पण डेंगूत खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा गळून जाणे, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे.

प्रश्न : कॉलेजच्या प्रांगणातील जुन्या चिंचेवर शेकडो वटवाघळे लटकलेली असतात. निपाहच्या बातम्या वाचून पालक झाड तोडण्याची मागणी करीत आहेत. काय करावे? (प्राध्यापक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : झाड तोडू नये. निपाहचा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत आढळतो, हे खरे आहे. भारतात तो २००१ मध्ये सिलीगुडीला आणि २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड परिसरात माणसांत शिरला, आणि पुढे केरळात पुन्हा पुन्हा दिसला. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही २०२० मध्ये त्याच्या संसर्गाच्या खुणा राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मिळाल्या. मात्र झाडावर वटवाघूळ लटकल्याने खालून जाणाऱ्याला आजार होत नाही. झाड तोडले की घाबरलेला थवा गावभर विखुरतो आणि माणसांशी संपर्क उलट वाढतो.

करायचे ते एवढेच. झाडाखाली पडलेली, कुरतडलेली फळे कोणी खाऊ नयेत, पाण्याच्या टाक्या झाकाव्यात, झाडाखालची सायकल स्टँड दुसरीकडे न्यावी, आणि मेलेले किंवा पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस हा संसर्गाचा मोठा मार्ग ठरला आहे, म्हणून आपल्या पूर्व विदर्भात शिंदी-ताडीची उघडी मडकी झाडावर बांधतात तेथेही हा विचार मनात असावा.

मेलेल्या पक्ष्यांबाबत मात्र मी अधिक जागरूक राहीन. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. आवारात एकाच वेळी बरेच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. प्राणिशास्त्र विभागाच्या उत्साही विद्यार्थ्यांना ते नमुने म्हणून उचलू देऊ नयेत.

प्रश्न : बोअरवेलचे पाणी स्वच्छ असते, मग वसतिगृहात कावीळ कशी पसरली? (पालक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : जमिनीतून येणारे पाणी निर्मळ असले तरी गच्चीवरची टाकी आणि शौचालयाच्या नळीला खेटून गेलेली गंजकी पाइपलाइन यांतून ते दूषित होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे (जी.बी.एस.) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. टाकी महिन्याला धुवावी. टी.सी.एल. म्हणजे ब्लीचिंग पावडर थेट टाकीत न टाकता बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतून अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीत साधारणपणे हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण धरतात. पोते उघडे राहिले तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो. म्हणून ग्रामपंचायतीकडून पाण्यातला क्लोरीन पाहण्याची ओ.टी. तपासणी शिकून घ्यावी आणि ती टाकीजवळ न करता सर्वांत लांबच्या नळावर करावी. पाणी पिवळसर झाले नाही, तर क्लोरीन तेथपर्यंत पोहोचलेला नाही.

प्रश्न : मी मेळघाटातील असून अमरावती जिल्ह्यातील एका कॉलेजात शिकते. ताप आला की वसतिगृहातून सरळ घरी पाठवतात. शिवाय ७५ टक्के हजेरी आणि अंतर्गत गुण यांच्या भीतीने आम्ही बऱ्याच जणी ताप सांगतच नाही, गोळी घेऊन वर्गात बसतो. हे बरोबर नाही हे कळते, पण काय करणार?

उत्तर : आपल्या पत्रातील प्रामाणिकपणाबद्दल आभार. पहिल्या प्रश्नात मी ज्या वहीचे एवढे कौतुक केले, ती वही फसते ती नेमकी येथे. ताप सांगणाऱ्याची हजेरी कापली जात असेल, तर वहीत फक्त अशाच मुलांची नावे येतील ज्यांना अंथरुणातून उठताच येत नाही. म्हणून प्राचार्यांना माझी सूचना अशी, की तापाच्या नोंदीचे दिवस वैद्यकीय रजा म्हणून धरावेत, चुकलेली अंतर्गत चाचणी परत घ्यावी, आणि हे दोन्ही लेखी परिपत्रकाने वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. थोडी मुले याचा गैरफायदा घेतील. त्यांच्यापायी नियम कडक ठेवला, तर कांजिण्या, गालगुंड किंवा फ्लूचा एक रुग्ण वर्गातल्या मधल्या बाकावर बसून राहतो आणि आठवड्याने पूर्ण रांग आजारी पडते.

घरी पाठवण्याची रीत मला मान्य नाही. निदान झालेले नाही अशा तापात परतवाड्याहून घाट चढून जाणाऱ्या एस.टी.त मुलीला बसवणे म्हणजे आजार श्वासाचा असेल तर बसभर वाटणे, आणि डेंगू किंवा स्क्रब टायफस असेल तर उपचाराचे मोलाचे दोन दिवस घालवणे. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, रक्त तपासावे, निदान कळेपर्यंत वसतिगृहाच्या वेगळ्या खोलीत ठेवावे, आणि सोबत एक मैत्रीण किंवा गृहपाल असावी. मेळघाट, गडचिरोली, गोंदिया या भागांतून नुकत्याच परतलेल्या मुलीच्या तापात हिवतापाची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी, म्हणून डॉक्टरांना आपले गाव आणि परतल्याची तारीख न विचारता सांगा.

तरीही घरी जावेच लागले, तर वहीच्या पानावरून एक चिठ्ठी लिहून घ्या. तापाचा पहिला दिवस, झालेल्या तपासण्या, दिलेली औषधे आणि त्या आधीच्या तीन आठवड्यांत आपण कोठे गेला होता, एवढे चार ओळींत मावते. गावात उतरल्यावर चिठ्ठी आशाताईंना दाखवा. तिच्यावर वसतिगृहाचा फोन क्रमांक लिहायला विसरू नका, कारण धारणीच्या डॉक्टरांनी ‘तुमच्याकडे आणखी कोणाला ताप आहे का’ असे विचारायचे ठरवले, तर त्यांना दुसरा कोणता क्रमांक मिळणार?